पट्टीवरचं नाव

त्या दिवशी सकाळी वर्षानं पट्टीवरून राकेशचं नाव काढलं, आणि संध्याकाळी वर्षाच गेली.

गोपाल रातपाळी करून घरी आला तेव्हा ती कॉम्प्युटरसमोर बसलेली होती. केस वर गुंडाळलेले, बाजूला अर्धा राहिलेला चहा, चहावर साय आलेली. पलीकडं खाटेवर गोपालची आई धुरपदाबाई बसल्या बसल्या लसूण सोलत होती. वर्षानं वळून बघितलं आणि एकदम खूश होऊन म्हणाली, "या या. आधी इकडं या. बघा काय दिसतं."

गोपालनं डबा ओट्यावर ठेवला. चपला काढल्या. मुद्दाम सावकाश काढल्या. मग स्क्रीनकडं बघितलं. स्क्रीनच्या वरच्या कडेला एक बारीक काळी पट्टी असायची, इकडून तिकडं गेलेली. तिच्यात वेळ, तारीख, अजून काय काय. आणि बरोबर मधोमध इंग्रजीत एक नाव असायचं, राकेश. आज तिथं काहीच नव्हतं.

"दिसलं का?"

"काय दिसायचं?"

"नीट बघा ना."

त्याला दिसलं होतं. दारातूनच दिसलं होतं. किती महिने त्याची नजर घरात शिरली की आधी त्या नावावर जायची, मग बायकोवर. पण आपण एवढ्यावरून खूश झालो हे तिला दिसायला नको होतं. म्हणाला, "नाव गेलं वाटतं."

"गेलं नाही, मी काढलं. आता तिथं जागा रिकामी आहे. तुमचं टाकू का?"

एवढे दिवस मनात हेच होतं त्याच्या. आणि आता ती विचारत होती तर हो म्हणायला जीभ उचलेना. आपण रुसलो म्हणून ती देते आहे, लहान पोराला गोळी द्यावी तशी, असं वाटलं त्याला. म्हणाला, "माझं कशाला? मी काय तुझ्या मशीनवरचा कारीगर आहे का?"

"बरं बाबा. मग आंघोळ करा."

खाटेवरून म्हातारी अहिराणीत म्हणाली, "पोऱ्या रातभर उभा राहीसन उना, त्याले खावाले दे पहिले. कव्हयनी टकटक करी राहिनी व माय."

वर्षानं त्याला गरम पोळ्या करून वाढल्या. तो जेवला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. सुरतेचा मे महिना, पत्र्याची खोली तापायला लागली होती. वर्षा जवळ आली. "पंखा वाढवू का?" असं हळू विचारलं तिनं. गोपाल जागा होता. पण डोळे मिटून पडून राहिला. परत विचारेल मग बघू, असं त्याच्या मनात होतं. तिनं परत विचारलं नाही. पंखा वाढवला आणि गेली.

दुपारी धनश्रीनं, त्यांच्या पोरीनं, त्याला गदागदा हलवलं. "पप्पा, मम्मीचं डोकं दुखतंय म्हणून झोपली, आता उठतच नाहीये." वर्षाच्या तोंडातून फेस आलेला. रिक्षात घातली, दवाखान्यात नेली. डोक्यातली नस फुटली म्हणाले. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. पंख्याचं विचारलं ते शेवटचं बोलणं.

तर ते राकेशचं नाव तिथं आलं कसं, ते सांगायला पाहिजे. त्याशिवाय वर्षा कोण होती ते कळायचं नाही.

वर्षा अमळनेरकडची. सातवी शिकलेली. लग्न करून डिंडोलीत आली तेव्हा तिला गुजराती येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं, मराठीसुद्धा अर्धी अहिराणीच. पण हाताला चटपटीत. गल्लीतल्या बाया दुपारी ओट्यावर बसून साड्यांना स्टोन चिटकवायच्या, त्यांच्यात जाऊन बसली. बाकीच्या बोलत बोलत काम करायच्या, ही बोलत बोलत दुसरीचंही काम करायची. मग तयार साड्यांचं गाठोडं द्यायला मगनभाईच्या कारखान्यात जाऊ लागली. मगनभाईकडं भरतकामाच्या मोठ्या मशीनी होत्या. एका कोपऱ्यात एसीच्या खोलीत एक माणूस कॉम्प्युटरवर फुलं काढायचा, सुई कुठं पडायची, धागा कुठून कुठं जायचा ते मशीनला सांगायचा. त्याला पंचिंग म्हणतात. वर्षा गाठोडं मोजून घेईपर्यंत त्याच्या खुर्चीमागं उभी राहायची. एसीसाठी उभी राहते असं सगळ्यांना वाटायचं.

एक दिवस घरी येऊन म्हणाली, "मला पंचिंग येईल."

गोपाल हसला. "तुला मोबाइल धड चालू करता येत नाही."

"मोबाइल मला आवडत नाही म्हणून येत नाही."

आणि खरंच शिकली की. आधी त्या माणसाकडून, मग मोबाइलवर व्हिडिओ बघून, मग आपल्या आपण. उधन्यात एक ऑफिस बंद पडलं, तिथला जुना कॉम्प्युटर तिनं घरी आणवला. पण तो कॉम्प्युटर म्हणजे म्हातारा बैल. चालू केला की चहा करून प्यायचा, भांडी घासायची, तेव्हा कुठं तो उभा राहायचा.

तेव्हा राकेश आला. राकेश म्हणजे वर्षाच्या मावशीचा पोरगा, लिंबायतला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. तिच्यापेक्षा बराच लहान. रविवारी खिशात पेन ड्राइव्ह घालून आला, ओट्यावर बसून दोन वाट्या शेवभाजी खाल्ली आणि म्हणाला, "ताई, याच्यातलं सगळं उडवून टाकतो. हलकं काहीतरी घालतो. पळेल बघ."

त्यानं जे घातलं ते वेगळंच होतं. त्याच्यात खिडक्या एकमेकीवर चढत नसत. एक उघडली की सगळी जागा तिची. दुसरी उघडली की दोघी आपोआप अर्ध्या अर्ध्या होऊन शेजारी बसायच्या. तिसरी आली की अजून वाटणी. माउस नाही, सगळं बटणांनी.

वर्षा म्हणाली, "हे तर आपल्या चाळीसारखं झालं. नवीन भाडेकरू आला की घाल मधे भिंत."

राकेश इतका हसला की त्याला ठसका लागला. गोपाल दारात उभा होता. त्यालाही हसू आलं असतं, पण ती ते बोलली राकेशकडं बघून. त्याच्याकडं बघून ती असं काही बोललेली त्याला आठवेना.

आता हे नवीन घालताना कॉम्प्युटर विचारतो, की नाव काय. राकेशला दुकानाची सवय, दिवसभर लोकांची मशीनं भरायची, त्यानं फटकन आपलंच नाव टाकलं. आणि वरच्या पट्टीत मधोमध तेच नाव येऊन बसलं. कोणी काही लक्ष दिलं नाही. वर्षानंही नाही. ती त्या पट्टीच्या नादाला लागली होती.

कारण राकेशनं तिला दाखवलं, की ही पट्टी आपण पाहिजे तशी करू शकतो. एक फाइल असते, तिच्यात लिहायचं, डावीकडं काय, मधे काय, उजवीकडं काय, रंग कोणता. लिहिलं, जतन केलं, तीन बटणं एकत्र दाबली की पट्टी एकदा मिटते आणि नवीन होऊन येते. वर्षाला त्याची चटकच लागली. बाया दारासमोर रांगोळी काढतात, पुसतात, परत काढतात, तसं तिचं चाललेलं. रंग तिनं साडीच्या शेडकार्डावरून उचलले. वेळ राणी रंगात. तारीख मेहंदीत. कॉम्प्युटर तापला की आकडा गाजरी व्हायचा, म्हणजे थोडा वेळ बंद ठेवायचा. अमळनेरला ऊन किती पडलं ते फिरोजीत, माहेर म्हणून.

मराठी अक्षरं आधी आलीच नाहीत, नुसत्या रिकाम्या चौकटी यायच्या. मग राकेशनं फोनवर काहीतरी सांगितलं आणि अक्षरं आली. मग ती पेटलीच. नळाची वेळ झाली की पट्टीत 'नळ' असं यायचं. सकाळी सासूच्या बीपीच्या गोळीची वेळ झाली की 'आईची गोळी'. धनश्रीच्या ट्युशनचं, गॅसच्या नंबराचं. मगनभाईला डिझाइन द्यायचं असलं की त्याचं. म्हातारी खाटेवरून विचारायची, "माय व, तुन्ही पट्टी काय सांगी राहिनी? मन्ही गोळी उनी का?"

अख्खी चाळ त्या पट्टीत होती असं म्हणा ना. सासू होती, पोरगी होती, नळ होता, माहेरचं ऊन होतं. मधोमध राकेश होता. नव्हता तो गोपाल.

एकदा त्यानं विचारलंच, चेष्टेत विचारल्यासारखं. "सगळ्या गावाला जागा दिली पट्टीत. आमची पाळी कधी बदलते ते नाही टाकलं."

ती डिझाइनमधे गुंतलेली. वर न बघता म्हणाली, "विसरते तेच टाकते मी त्याच्यात. तुम्ही काय विसरायची गोष्ट आहात का?"

दुसरा कोणी असता तर हे ऐकून शेजाऱ्यापाजाऱ्याला सांगत फिरला असता. गोपालला ते पटलं नाही. त्याला वाटलं, बोलण्यात हुशार आहे, वेळ मारून नेली.

कसं आहे, गोपाल लूमवरचा माणूस. बमरोलीच्या ज्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, तो होता तिथं लूमच्या प्रत्येक जोडीच्या खांबावर एक पत्रा टांगलेला असायचा, खडूनं त्याच्यावर कारीगराचं नाव. ज्याचं नाव त्याचं मशीन. एकदा तो भाच्याच्या लग्नाला गावी गेला होता. परत आला तर पत्र्यावर बदलीवाल्याचं नाव. शेठ म्हणाला, आता हा चांगला चालवतो, तू त्या कोपऱ्यातल्या घे. त्या जुन्या मशीनी दिवसभर धागा तोडायच्या. गोपालनं तेव्हापासून गावी जाणं कमी केलं. सुट्टी घेतली तरी संध्याकाळी फेरी मारून पत्रा बघून यायचा. नाव पुसलं गेलं की माणूस पुसला गेला, एवढं त्याला पक्कं ठाऊक.

त्यात सुपडू घरी आला. सुपडू त्याच्याच खात्यातला, शेजारची जोडी चालवणारा. चहाला बसला. त्याची नजर स्क्रीनवर गेली. इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचली त्यानं.

"रा, के, श. हा कोण रे?"

"वहिनीचा मावसभाऊ," गोपाल म्हणाला. मग त्याचं त्यालाच कळलं की आपण स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणालो. सुपडूच्या तोंडानं बोलून गेलो.

सुपडूला एवढंच पुरे. "वा रे गोपाल! खातं तुझं, लाइट तुझी, आणि पत्र्यावर नाव बदलीवाल्याचं!"

वर्षा आत पापड भाजत होती, ती पण हसली. ती सुपडूच्या बोलण्याला हसली, पण गोपालला ते हसू चावलं. दुसऱ्या दिवशी सुपडूनं खात्यात सगळ्यांना सांगितलं. मशीनच्या आवाजात कोणाचं कोणाला ऐकू जात नाही, तिथं खुणांनी बोलतात. तर लोक गोपालला बघून हवेत पत्रा टांगल्याची खूण करायचे आणि हसायचे.

तेव्हापासून गोपाल त्या राकेशवर लक्ष ठेवून. संशय नव्हता, वर्षा त्याला राखी बांधायची, त्याचं नाक पुसलेलं तिनं. ते नव्हतं. पण फोन आला की तिचा आवाज बदलायचा. "अरे पण मी तिथं कंस टाकला होता ना... हो का? ... बाई गं! हो रे, आली, आली पट्टी!" आणि खळखळून हसणं. गोपाल घरी आला की बोलणं काय, तर दूध आणलं का, गिरणीतून दळण आणलं का. त्याला वाटायचं, चांगलं चांगलं सगळं तिकडं जातं, आपल्या ताटात उरलेलं येतं. तो मग फोन चालू असताना भांडं आपटायचा. टीव्हीचा आवाज वाढवायचा. धनश्री म्हणायची, "पप्पा, हळू ना." तो म्हणायचा, "मला ऐकू कमी येतं, लूमवर काम करतो, कोणासारखा एसीत बसत नाही." राकेशच्या दुकानात एसी नव्हता. पण त्याला सांगणार कोण.

राकेश घरी आला तर गोपाल त्याला इंजिनेर म्हणायचा. "या इंजिनेर. बसा. तुमचंच मशीन आहे." राकेशला वाटायचं दाजी चेष्टा करतात. तो बिचारा म्हणायचा, "दाजी, तुम्ही पण शिका ना, मी शिकवतो." की झालं, गोपालच्या अंगाचा तिळपापड.

नाव काढ असं एकदा तोंडानं म्हणायचं, बास. ते काही त्याच्यानं होईना. म्हटलं तर आपण छोटे होतो. तिनं आपल्या मनानं काढलं पाहिजे. आणि वर्षाला तर ते नाव दिसतही नव्हतं, जसं आपल्याला आपल्याच दारावरची जुनी पाटी दिसत नाही.

शेवटी गोपालनं काय केलं, खात्यातून वायरीला लावायची काळी टेप आणली. वर्षा रेशनला गेली होती. त्यानं टेपचा एक तुकडा दातानं तोडला आणि स्क्रीनच्या काचेवर, बरोबर त्या नावावर चिटकवला. पट्टी काळी, टेप काळी. लांबून बघितलं, कोणाला कळणार नाही असं वाटलं त्याला. त्या दिवशी तो इतका खूश होता की आईचे पाय चेपून दिले.

वर्षाला कळायला काय वेळ? ती येऊन बसली तशी थांबली. बोटानं टेप चाचपली. गोपाल दाढी करत आरशातून बघत होता. तिनं ओठ दाबले, हसू दाबतात तसे, आणि काम करायला लागली. टेप काढली नाही. धनश्रीनं विचारलं, "मम्मी, हे काय चिटकलंय?" तर म्हणाली, "राहू दे. कोणाला तरी बरं वाटतंय त्यानं."

हे गोपालनं ऐकलं. बरं वाटायचं थांबलं. पण आता काढायची कशी?

टेप तशीच राहिली. आता डिझाइन मोठं करून बघायचं असलं की वर्षा पट्टी लपवायची, सगळ्या स्क्रीनवर डिझाइन पसरायची. पट्टी लपते, पण टेप थोडी लपते? ती काचेवर. पदराचा एक वेल होता, भरगच्च, मगनभाईला घाईनं पाहिजे होता. वेलीचं एक पान टेपच्या मागं आलं. वर्षानं आजूबाजूची सगळी पानं भरली, ते राहिलं. मशीनवर नमुना निघाला. मगनभाईनं पदर हातात धरून तिला दाखवला.

"बेन, आ पांदडुं क्यां गयुं?"

वर्षानं बघितलं. वेल चाललीय, पानं चाललीत, मधेच एका जागी उघडं कापड. ती म्हणे तिथंच खाली बसली आणि पोटाला हात लावून हसली. मगनभाई घाबरला, बेनला काय झालं. ती म्हणाली, "भाई, हे पान माझ्या घरधन्यानं खाल्लं."

हे गोपालला नंतर मगनभाईनंच सांगितलं, तेराव्याला आला तेव्हा. त्या दिवशी घरी येऊन ती फक्त एवढंच बोलली, "नमुना परत काढावा लागणार आहे." आणि ओल्या फडक्यानं काच पुसून टेप काढली. चिकट डाग राहिला तर खोबरेल तेल लावून तोही काढला. खाली नाव होतंच. राकेश. गोपाल ते बघून डबा उचलून रातपाळीला निघून गेला. रात्रभर त्याचे धागे तुटत राहिले. सकाळी आला तेव्हा ते नाव नव्हतं. ती सकाळ तर वर सांगितलीच.

वर्षा गेली तेव्हा माणसं खूप आली. गल्ली भरली. गोपालला वाटलं नव्हतं एवढी माणसं येतील. ओट्यावरच्या स्टोनवाल्या बाया, मगनभाईच्या कारखान्यातल्या पोरी, धनश्रीच्या शाळेतल्या बाई, भाजीवाली. जी येईल ती वर्षाचं काही ना काही सांगायची. एक म्हणाली, माझ्या बाळंतपणात रोज डबा तिनं आणला. दुसरी म्हणाली, मला सही करायला तिनं शिकवलं. भाजीवाली म्हणाली, माझ्या नकला करायची, माझ्यासमोर करायची! आणि रडता रडता भाजीवालीनं वर्षा तिची नक्कल कशी करायची त्याची नक्कल करून दाखवली. बाया रडता रडता हसल्या.

गोपाल भिंतीला टेकून ऐकत होता. ह्या सगळ्यांना ती माहीत होती. एकेकीकडं तिचा एकेक तुकडा होता, आणि त्या तो काढून दाखवत होत्या, हा माझा, हा माझा. नकला? घरात तर तिनं कधी नक्कल केली नाही. का केली होती, आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवला होता?

आणि राकेश. राकेश लहान पोरासारखा हुंदके देऊन रडत होता. धुरपदाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, "उगी भाऊ, उगी." स्वतःचा पोरगा समोर कोरडा बसलेला, आणि हात दुसऱ्याच्या पाठीवर. गोपालच्या मनात आलं, माझ्यापेक्षा जास्त रडायचा याला काय हक्क? मग लोक बघतील म्हणून त्यानंही रडायचा प्रयत्न केला. आलं नाही. उठून मागं मोरीत जाऊन उभा राहिला.

क्रियाकर्म झालं, पाहुणे गावाला गेले. घर एकदम मोठं वाटायला लागलं. मगनभाईचा निरोप आला, वेलीचं डिझाइन कॉम्प्युटरमधे आहे, कोणीतरी काढून द्या, बेनचं शेवटचं काम आहे, ते पान भरलेलं असो नसो, मी ते तसंच चालवणार आहे. धनश्रीनं राकेशमामाला फोन केला. गोपालनं अडवलं नाही.

दुपारी राकेश आला. दाढी वाढलेली. धुरपदाबाईच्या पाया पडला, पाणी प्यायला आणि वर्षाच्या खुर्चीवर बसला. गोपाल खाटेच्या कडेला बसून त्याच्या पाठीकडं बघत होता. कॉम्प्युटर चालू झाला. पट्टी आली. राणी, मेहंदी, फिरोजी. अमळनेरला ऊन कडक होतं. मधे रिकामं.

राकेश त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिला. म्हणाला, "केलं तर तिनं बरोबर."

"काय बरोबर केलं?"

"नाव काढलं ते. आधी पट्टीच गायब झाली होती ना."

गोपाल उभा राहिला. "तुला काय माहीत?"

"फोन केला होता ना तिनं. त्याच दिवशी सकाळी. तुम्ही पाळीवरून यायच्या आधी."

म्हणजे हेही. राकेशचं नाव काढायचं, तेही राकेशला विचारून. आपल्याला वाटलं तिनं आपल्या मनानं काढलं, आपल्यासाठी काढलं. तिथंही हाच मधे. गोपालच्या कानशिलातून वाफा निघाल्या. त्याला त्या पोराला खुर्चीवरून उठवून बाहेर घालवावंसं वाटलं. दार कुठं आहे ते दाखवावंसं वाटलं.

"काय म्हणाली?"

"एक स्वल्पविराम राहिला होता, दाजी. नाव पुसताना तोही पुसला गेला, मग पट्टीला काही कळेना..."

"ते नको. ती काय म्हणाली?"

राकेश मान खाली घालून बसला. "जाऊ द्या ना दाजी. चेष्टेत बोलली."

"सांग."

"म्हणाली, गोपाल रुसलाय. तुझं नाव काढते, रागावू नको. मी म्हटलं, ताई, आधीच सांगायचं ना, मला तर माहीतच नव्हतं. तर म्हणाली, मला तरी कुठं माहीत होतं एवढा रुसलाय ते, गोपालनं पान खाल्लं तेव्हा कळलं. आणि हसायला लागली. थांबेचना. मी पण."

गोपाल खुर्चीजवळ आला. मग म्हणाला, "कोण रुसलाय म्हणाली?"

"गोपाल."

"अशी? गोपाल?"

"हो. म्हणजे तुमचं नाव... माझ्याशी बोलताना ती तसंच म्हणायची, दाजी. पहिल्यापासून. गोपालला हे आवडतं, गोपाल थकून येतो, फोन ठेव आता, गोपाल आला." राकेश घाबरला होता. "मान ठेवत नव्हती असं नाही हो. बहीणभावात चालतं तसं."

गोपालला तिनं कायम अहो म्हटलेलं. ऐकलं का म्हटलेलं. पोरगी झाल्यावर धनूचे पप्पा. ती नाव घेते आणि ते असं सुटं, मोकळं, दिवसातून कितीदा तरी घेते, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते सगळं या पोराच्या कानात गेलं होतं.

मोरीत धनश्री भांडी घासत होती, तिचा आवाज थांबला. ती ऐकत होती.

"कशी म्हणायची?" गोपालनं विचारलं.

"कशी म्हणजे?"

"म्हणजे कशी. लांबवून म्हणायची, की झटकन?"

राकेशनं तोंड पुसलं. लाजला. मग हळूच म्हणाला, "गोपाल."

"हे तू म्हटलंस. तिच्यासारखं म्हण."

राकेशनं थोडा वेळ डोळे मिटले. मग अमळनेरकडच्या बाया म्हणतात तसं, शेवटी आवाज किंचित वर नेऊन, अर्ध्या हसण्यात म्हणाला. खाटेवर धुरपदाबाईनं मान वर केली.

गोपालनं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसला, गुडघ्याला गुडघा लागेल एवढा जवळ. पदरानं पुसावं तसं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"धनू, मामाला चहा टाक," तो म्हणाला. मग राकेशला म्हणाला, "डिझाइन मगनभाईला उद्या दिलं तरी चालेल. आधी मला सांग, अजून काय काय म्हणायची. पहिल्या फोनपासून सांग."

"सगळं नाही आठवायचं, दाजी."

"आठवेल तेवढं सांग. उरलेलं उद्या. दुकान बंद करून इकडंच ये जेवायला."

राकेशनं मान हलवली आणि सांगायला सुरुवात केली.